मोगऱ्याला तहान लागू दे

दिवाळीत उन्हाळ्यातल्या बागेचा विषय काढला की घरचे हसतात. पण आमच्या कुपवाडात एप्रिल-मेमध्ये ज्याला दारात फुलं बघायची आहेत, त्याला फराळाचे डबे रिकामे होताहेत तोवरच कामाला लागावं लागतं. उन्हाळ्याची फुलं थंडीत ठरतात. हे कळायला मला दोन मोगरे घालवावे लागले.

1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. त्याआधीपासूनच आम्हाला बाहेरचे लोक ओळखतात ते एमआयडीसीमुळे. घरापुढे जेमतेम दहा बाय बाराचं अंगण, त्यातली निम्मी जागा गाडीची. जमीन काळी. पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली किल्ली आत जावी. त्यात चुनखडी, आणि बोअरचं पाणी असं जड की बादलीला आतून पांढरा थर धरतो. पारा चाळिशीला टेकतो. अशा ठिकाणी फुलझाडं लावायची तर आधी इथल्या मातीशी जमवून घ्यावं लागतं.

पहिला मोगरा आणला तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये कळ्यांनी लगडलेलं रोप बघून भाळले. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. ऊन सोसेना असं वाटून दोन वेळा पाणी घालायला लागले, मग तीन वेळा. शेजारच्या आक्का कुंपणावरून बघत होत्या. मूळच्या तासगावकडच्या, माहेरी द्राक्षबाग. एके दिवशी न राहवून म्हणाल्या, “काय गं, सारखं पाणी पाणी करतीस? त्याला जरा तहान लागू दे की.”

मी ऐकलं नाही. रोप गेलं. कुंडी उलटी केली तेव्हा मुळं काळी पडून कुजली होती, वास मारत होती. दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी मात्र आक्कांना घरात बोलावून चहा पाजला आणि सगळं नीट विचारून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते द्राक्षाचंच गणित होतं. वेल छाटल्याशिवाय नवी फूट नाही, आणि ताण दिल्याशिवाय जोर नाही. मोगऱ्याचंही तेच. त्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते. जुनी काडी नुसती पानं सांभाळत बसते. म्हणून संक्रांत झाली की पाणी तोडायचं. कुंडीतल्या झाडाला आठ-दहा दिवस पुरतात, जमिनीतल्याला पंधरा. पानं मलूल होऊन गळायला लागली की धारदार कात्रीने झाड निम्म्यावर आणायचं, उरलेली पानं हाताने ओरबाडायची. वरची दोन-तीन बोटं माती उकरून त्यात कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळायची, आणि मग भरपूर पाणी. पहिल्यांदा केलं तेव्हा कुंडीत नुसता काड्यांचा खराटा उरला होता. सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. फेब्रुवारीत त्याच काड्यांच्या डोळ्यांतून पोपटी फूट आली आणि पाडव्याच्या आसपास पहिल्या कळ्या.

पानं पिवळी पडण्याचं कोडं वेगळंच निघालं. पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आमच्या मातीत लोह नसतं असं नाही. चुनखडीमुळे ते अडकून पडतं, मुळांना उचलता येत नाही. कुंडीत गंजके खिळे पुरणारे लोक मी पाहिलेत. चुनखडीच्या मातीत खिळ्यांचंही तेच होतं. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात चार थेंब लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारलं तर ते थेट पानात जातं. खाली फरशी असेल तर पोतं अंथरा. माझ्या पायरीवर तांबूस डाग पडलेत, ते अजून निघालेले नाहीत.

मोगऱ्यात तरी किती प्रकार! एकेरी पाकळ्यांचा साधा, गोल गच्च कळीचा बटमोगरा, लांबट कळीचा मदनबाण, झुबक्यांनी येणारा हजारी. गजऱ्याला मदनबाण, देवाला बटमोगरा, आणि नुसत्या वासासाठी साधा एकेरी, असं माझं मत. कळी संध्याकाळी उमलते, म्हणून गजऱ्याची फुलं टपोरी झाली की मिटलेलीच तोडायची. फूल झालं की खालच्या पानांच्या दोन जोड्या ठेवून शेंडा खुडायचा, पुढचा बहर तिथूनच येतो. अनंताचा नाद मात्र मी सोडला. त्याला आंबट माती लागते. इथे कळ्या धरतात आणि न उमलताच गळतात.

पाणी न देऊन फुलवायचं दुसरं झाड म्हणजे बोगनवेल. पाणी तोडून पानं जरा लोंबली की मग द्यायचं, तिला हिरव्याचा विसर पडतो आणि रंग येतो. तो रंग फुलाचा नव्हेच. खरं फूल आतलं, पांढरट, नळीसारखं. भोवतालचा कागद म्हणजे रंगलेली पानं. ही वेल दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या 1766 ते 1769 च्या पृथ्वीप्रदक्षिणेत ती वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सनच्या हाती लागली. कॉमर्सनची मदतनीस झान बारे पुरुषाच्या वेशात त्या मोहिमेत सामील झाली होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली इतिहासाला ठाऊक असलेली ती पहिली स्त्री. वेलीला नाव मिळालं ते कप्तानाचं.

आपल्या अंगणातले बरेच जण असे परमुलखातलेच आहेत. सदाफुली मादागास्करची, तिच्यापासून कर्करोगावरची औषधं निघतात. झिनिया आणि झेंडू मेक्सिकोकडचे. चिनी गुलाब, ज्याला आम्ही दहाचं फूल म्हणतो, तो चीनचाही नाही आणि गुलाबही नाही. मूळ दक्षिण अमेरिकेचा. त्याची पानं सुईसारखी, मांसल, त्यात पाणी साठवलेलं. तापलेल्या गच्चीच्या कठड्यावर, फुटक्या घमेल्यातही तो दहाच्या सुमारास लालेलाल होतो आणि दुपार कलली की मिटतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढं एकच लावावं.

पाणी कधी द्यायचं याला आक्कांचं माप सोपं आहे. मातीत बोट घालायचं. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच, आणि सकाळी सातच्या आत. मुळं भाजतात ती उन्हाने कमी, तापलेल्या कुंडीने जास्त. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा. म्हणून मातीची कुंडी, खाली दोन विटा. वर आच्छादनाला उसाचं पाचट, ते इकडे मागाल तेवढं मिळतं. रसवंतीची चिपाडं आणलीत तर आधी कडकडीत वाळवा. मी ओलीच पसरली आणि गल्लीतल्या सगळ्या मुंग्या माझ्याकडे पाहुण्या आल्या. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी येतो, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने हटले नाहीत तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, तेही ऊन उतरल्यावर.

जिन्याखाली माझी एक कुंडी आहे. दिवाळीनंतर तिला मी पाण्याचा थेंब देत नाही. पानं वाळून जातात, कुंडी रिकामी दिसते. एकदा घरी आलेल्या गवंड्याने तीत विड्या विझवल्या होत्या. मे महिन्यात वळीव झाला, पत्र्यावर गारा वाजल्या, अंगणभर मातीचा वास सुटला. चार-पाच दिवसांनी झाडलोट करताना पाहिलं तर थोटकांमधून एक जाड कोंब वर आलेला, टोकाला मिटलेली मूठ. आठवड्याभरात चेंडूएवढं लालभडक मे फ्लॉवर उभं राहिलं.

आक्का कुंपणापाशी आल्या, बघून म्हणाल्या, “ह्याला काय घातलंस गं?”

“काही नाही, आक्का.”

“मग बरोबर,” म्हणाल्या, आणि कांदा फुटला की एक मला ठेव, असं सांगून आत गेल्या.