महिन्यांचे दिवस कमीअधिक कां? — वऱ्हाडच्या कागदांवरील मित्यांच्या दृष्टीनें

वऱ्हाडांतील जुन्या कागदांवर मुसलमानी चंद्राची तारीख, सुहूर अगर फसली सन आणि शकाची तिथि यांपैकीं एकाहून अधिक नोंदी पुष्कळदां एकत्र सांपडतात. संग्राहक छापील कोष्टकावरून त्यांची इंग्रजी तारीख काढतात, आणि एका दिवसाचा फरक पडला कीं कागद बनावट ठरविण्याकडे कल होतो. असा निकाल देण्यापूर्वी महिन्याचे दिवस ठरवितो कोण, हें पाहणें अवश्य आहे.

इंग्रजी महिन्यांचे दिवस राजाज्ञेनें ठरले. रोमच्या जुन्या वर्षाचे दिवस ३५५. सम संख्या अशुभ मानीत, म्हणून महिने ३१ किंवा २९ दिवसांचे. एकटा फेब्रुवारी २८ चा. ज्यूलियस सीझरनें इ. स. पू. ४५ पासून वर्ष ३६५ दिवसांचें केलें तेव्हां वाढलेले दहा दिवस इतर महिन्यांत वांटले, फेब्रुवारीस हात लावला नाहीं. ऑगस्टसनें आपल्या नांवाच्या महिन्यासाठीं फेब्रुवारीचा दिवस पळविला, ही शाळेंतून सांगितली जाणारी गोष्ट निराधार आहे. त्याचें नांव इ. स. पू. ८ मध्यें मिळण्यापूर्वींच तो महिना ३१ दिवसांचा होता.

आपले सौरमास सूर्याच्या गतीवर चालतात. उन्हाळ्यांत ती मंद असल्यानें मिथुनमास सुमारें साडेएकतीस दिवसांचा, तर धनुमास सवाएकोणतीसांच्या आसपास. १९५७ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेंत वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे ठेवले, त्याचें कारणही हेंच.

संशोधकास खरी अडचण पडते ती चांद्रमासाची. त्याचें मध्यम मान २९ दिवस १२ तास ४४ मिनिटें. शकाच्या महिन्यांत तिथि तीसच, परंतु क्षयवृद्धीमुळें दिवस २९ किंवा ३०. मुसलमानी महिन्यांत २९ व्या दिवशीं सायंकाळीं चंद्र दिसला तर महिना संपला, न दिसला तर तिसावा दिवस धरावयाचा. कोष्टककर्त्यांनीं मात्र मोहरम ३०, सफर २९ असा पाळीपाळीनें क्रम बसविला, आणि ३० वर्षांत ११ वेळां जिल्हेजास एक दिवस वाढविला. सरासरीस हें उत्तम. आकाशांतील चंद्रास ही पाळी ठाऊक नाहीं.

वऱ्हाडांतीलच उदाहरण घेऊं. हल्लींच्या अकोला जिल्ह्यांतील अडगांवची लढाई मंगळवार, २९ नोव्हेंबर १८०३ (शके १७२५, सुहूर सन १२०४) रोजीं झाली. कोष्टकानें त्या दिवशीं १४ साबान १२१८ येतो. आजच्या गणितानें पौर्णिमा आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास येते, आणि वेलस्लीच्या घोडदळानें चांदण्यांत पाठलाग केल्याची हकीकत तिच्याशीं जुळते. (सूर्यास्तानंतरचा हा पाठलाग मुसलमानी गणनेनें १५ साबानांत जातो, हेंही ध्यानीं ठेवावें.) येथपर्यंत कोष्टक बरोबर. पुढें गुरुवार, १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यांतील गाविलगड पडला. कोष्टक साबान २९ दिवसांचा धरून त्या दिवशीं १ रमजान देतें. परंतु अमावास्या १४ डिसेंबरच्या सकाळीं संपली. त्या सायंकाळचा सातआठ तासांचा चंद्र कोणास दिसणार? साबानचा आरंभ कोष्टकाप्रमाणेंच १६ नोव्हेंबरास झाला असेल, तर गड पडला तो दिवस ३० साबान होय. म्हणून त्या गुरुवारच्या एखाद्या पत्रावर ३० साबान आढळला, तर तेवढ्यावरून तें बनावट म्हणतां येणार नाहीं; उलट कोष्टकावरून रचलेल्या कागदावर १ रमजान येईल.

अशा वेळीं कागदावरील वार प्रथम पाहावा, मग तिथि, आणि कोष्टक शेवटीं. वार जुळत असून चंद्राची तारीख एका दिवसानें चुकत असेल, तर वार प्रमाण मानावा असें आमचें मत आहे. तीनचार दिवसांचा फरक मात्र चंद्रदर्शनाच्या पदरीं घालतां येत नाहीं. तेथें नकलकाराकडे, नाहीं तर आपल्या मोडीवाचनाकडे पाहावें.