वाडा उतरविण्याआधी कागद हवा

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या सोयगावसारख्या तालुक्याच्या गावातून नोकरीधंद्यानिमित्त छत्रपती संभाजीनगर, पुणे वा मुंबई गाठलेल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. गावाकडच्या जुन्या घराचे काय करायचे? माळवद गळू लागलेले असते, भिंती फुगलेल्या असतात आणि राहणारे कुणी उरलेले नसते. मग घर रिकामे करून उतरविण्याचे काम ठेकेदाराला दिले जाते. बोलणी ओसरीवर होतात, इसार ठरतो आणि मालक शहरात परततो. महिन्याभराने येऊन पाहावे तर सागवानी तुळया गेलेल्या आणि राडारोडा मात्र जागच्या जागी, असा अनुभव पदरी येऊ शकतो.

हा व्यवहार साध्या मजुरीचा नसतो. जुन्या घरातील खांब, तुळया, चौकटी, घडीव दगड, तांब्यापितळेची भांडी या सर्वांना बाजारात मोल असते. त्यामुळे मालाची किंमत मजुरीतून वळती केली जाते किंवा ठेकेदारच मालकाला रक्कम देतो. म्हणजे काम आणि विक्री असे दोन व्यवहार एकाच बोलीत होतात. कोणता माल कोणाचा, हे स्पष्ट नसले की वादाला तोंड फुटते.

तोंडी करार बेकायदा नसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोही बंधनकारक ठरू शकतो. अडचण असते ती पुराव्याची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार मोबाइलवरील संदेशही विहित प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मांडता येतात. परंतु तुटक संदेशांतून संपूर्ण करार उभा राहत नाही. उलट करार एकदा लेखी झाला की त्यातील अटींना छेद देणारा तोंडी पुरावा सहसा ग्राह्य धरला जात नाही. देवघराची चौकट ठेवायची असे बोलण्यात ठरले असेल, तर ते कागदावरही यायला हवे.

कागदावर आणखी काय असावे? प्रथम, घरावर हक्क असलेल्या सर्व वारसांची संमती. एका भावाने दिलेले काम दुसऱ्याने अडविले, तर ठेकेदारही अडचणीत येतो. त्यानंतर तुळया, खांब, दारे यांची मोजून केलेली यादी आणि छायाचित्रे. शेजाऱ्याशी समाईक भिंत असल्यास तिच्या नुकसानीची आणि मजुरांच्या अपघाताची जबाबदारी कोणाची, तेही लिहावे. राडारोडा कोठे टाकायचा आणि जागा कोणत्या तारखेपर्यंत मोकळी करायची, हे ठरवून शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. विलंबासाठी रक्कम नमूद करता येते. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते.

भिंतीतून वा जमिनीतून काही निघाले तर? १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वास्तूत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू येते. तिचे मोल दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मालक व ठेकेदार ती आपसात वाटून घेऊ शकत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. म्हणूनच माळ्यावरचे मोडी कागदांचे गाठोडे भंगारात जाऊ नये, यासाठी घरातील सर्व कागदपत्रे मालकाच्या हाती देण्याची अट घालावी.

करारनामा योग्य मुद्रांकावर हवा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांसाठी १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मुद्रांक कमी असेल, तर शुल्क व दंड भरेपर्यंत दस्त पुराव्यात घेतला जात नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात आणि प्रत दोघांकडेही राहावी.

करारभंगाचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दाखल करता येतो. पण उतरविलेल्या घराच्या तुळया तोवर कुठल्या कुठे गेलेल्या असतात. दावा जिंकून रक्कम मिळेल, आजोबांच्या देवघराची चौकट मिळणार नाही. ती हवी असेल, तर पहिली कुदळ पडण्याआधीच तसे लिहून घ्यायला हवे.