मोटारींच्या शर्यतीतील वेग आणि त्याची मर्यादा

गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुलात मुले ४०० मीटर धावण्याचा सराव करितात, तेव्हा आम्ही कित्येकदा हाती घड्याळ घेऊन उभे असतो. मिनिटाच्या आत ते अंतर कापणारा मुलगा आमच्या लेखी वेगवानच. दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन नीकर्क याने २०१६ साली रिओ येथे हेच अंतर ४३.०३ सेकंदांत धावून जागतिक उच्चांक केला. आता वाचकांनी याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. ३० एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टॅलाडेगाच्या शर्यतमार्गावर, बिल एलियट याने आपल्या फोर्ड गाडीची एक फेरी ४४.९९८ सेकंदांत पुरी केली. ती फेरी होती सुमारे ४.२८ किलोमीटरांची! वेग ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे ३४२ किलोमीटरांहून थोडा अधिक.

या शर्यतींस 'स्टॉक कार' शर्यती म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानातील विक्रीचा माल. नॅस्कार या संस्थेने १९४९ साली ही मालिका सुरू केली, तेव्हा सामान्य गिऱ्हाईक विकत घेई तीच गाडी शर्यतीत उतरावी असा दंडक होता. पुढे केवळ बाह्य रूपाचे साम्य तेवढे उरले.

असा वेग वाटेल त्या मार्गावर साधत नाही. सपाट वळणावर गाडीस धरून ठेवण्याचा सारा भार टायरांच्या घर्षणावर पडतो. टॅलाडेगाची वळणे ३३ अंशांनी कललेली असल्यामुळे रस्ताच गाडीला आतल्या बाजूस रेटीत असतो. यात्रेतील 'मौत का कुआँ' ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयन २०१० साली नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला, तो मार्टिन्सव्हिल येथे. तो मार्ग जेमतेम अर्ध्या मैलाचा असून तेथे फेरीची सरासरी ताशी १०० मैलांच्या आसपासच राहते.

नववीच्या वर्गात हे सांगत असता एका मुलाने विचारिले, "सर, समृद्धी महामार्ग ताशी १५० किलोमीटर वेगासाठी बांधला आहे ना? मग मर्यादा १२० ची का? आमचे काका १४० ने जातात, काही होत नाही."

प्रश्न रास्त होता. आम्ही एलियटच्या उच्चांकानंतरची हकीकत सांगितली. तीनच दिवसांनी, ३ मे रोजी, त्याच मार्गावरील शर्यतीत बॉबी ॲलिसन याच्या गाडीचा टायर फुटला. गाडी उलटी फिरली. पुढून येणारी हवा जिला दाबून धरी, तीच गाडी पाठमोरी होताच पंखासारखी वर उचलली गेली आणि प्रेक्षकांपुढील जाळीवर आदळली. काही प्रेक्षक जखमी झाले. ॲलिसन वाचला; आणि त्या दिवशीची शर्यत जिंकली ती त्याचा मुलगा डेव्ही याने!

यावर उपाय म्हणून १९८८ पासून टॅलाडेगा व डेटोना येथे कार्ब्युरेटरखाली चार भोकांची धातूची चकती बसविणे सक्तीचे झाले. भोके लहान, म्हणून हवा कमी. हवा कमी, म्हणून इंधन कमी जळते व शक्ती घटते. एलियटचा उच्चांक टिकला तो यामुळे. त्याहून वेगवान यंत्र घडविता येत नाही म्हणून नव्हे. उपाय निर्दोष मात्र नव्हता. सर्वांची शक्ती सारखीच घटल्याने गाड्या थव्याने धावू लागल्या, आणि एक चुकली की दहा-वीस एकमेकींवर आदळू लागल्या.

मग आम्ही खडू घेतला. चालकास भान येण्यास एक सेकंद, कोरडा रस्ता, घर्षणांक ०.७ असे धरिले. १२० च्या वेगाने जाणारी गाडी थांबण्यास ११४ मीटर लागतात, १४० च्या गाडीस १४९. मधल्या सुट्टीत मुलांनी फितीने अंतर मोजून मैदानात दोन विटा ठेविल्या. मध्ये ३५ मीटर. "म्हणजे थोडीच पुढे जाते की!" तो मुलगा म्हणाला. तेव्हा त्यालाच आम्ही गणित पुढे करावयास लाविले. पहिल्या विटेपाशी १२० ची गाडी उभी राहिलेली असते. त्याच जागी १४० च्या गाडीचा वेग किती उरतो? त्याने दोनदा पडताळून पाहिले. उत्तर आले, ताशी सुमारे ७९ किलोमीटर.