ओढणारा हात

छोटं विमान चालवायला शिकणाऱ्याच्या हाताला पहिल्या दिवसापासून एक खोड असते. जमीन जवळ येतेय असं वाटलं की तो योक, म्हणजे विमान चालवायचं समोरचं हँडल, आपल्याकडे ओढतो. ओढलं की नाक वर, नाक वर झालं की विमान वर, हा हिशेब मनात इतका पक्का असतो की तो वेगळा करावाही लागत नाही. एरवी तो बरोबरही ठरतो. पण खासगी वैमानिकांच्या जिवावर बेतणारे जे नेहमीचे प्रसंग आहेत, त्यांतल्या अनेकांत हाच हात घात करतो.

आपल्याकडे खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी, वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागतात, दहावी उत्तीर्ण असावं लागतं, वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा पार करावी लागते आणि किमान ४० तास उड्डाण करावं लागतं. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर इथं घिरट्या घालणारी बहुतेक मुलं या दुसऱ्या वाटेनं निघालेली, एअरलाइनच्या नोकरीकडे डोळे लावलेली असतात. हौसेखातर शिकणारे थोडे. मला काळजी वाटते ती या थोड्यांची. एअरलाइनच्या वैमानिकाशेजारी दुसरा वैमानिक असतो आणि हवामान, इंधन, वजन यांचा हिशेब ठेवणारी माणसं त्याच्या पाठीशी असतात. खासगी वैमानिक रविवारी सकाळी घरच्यांना शेजारी बसवून निघतो, तेव्हा सगळे निर्णय त्याचे एकट्याचे असतात.

पहिला धडा स्टॉलचा. इंजिन ठणठणीत चालू असतानाही विमान स्टॉल होतं. पंख समोरून येणाऱ्या हवेशी काही एक कोन करतो आणि त्यातून त्याला वर उचलणारा जोर मिळतो. कोन वाढवत नेला की जोर वाढतो, पण साधारण १५-१६ अंशांपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून वाहेनाशी होते, सुटून भोवऱ्यांत विस्कटते आणि तो जोर एकदम घटतो. विमान खाली बसायला लागतं. अशा वेळी घाबरलेला हात योक आणखी ओढतो, कोन आणखी वाढतो आणि पंखाची उरलीसुरली ताकदही जाते. सुटकेचा मार्ग नेमका उलटा आहे. जमीन दिसत असतानाच नाक खाली करायचं, कोन मोडायचा, मग इंजिनाची ताकद वाढवायची, पंख समतल करायचे आणि त्यानंतरच हळूच वर यायचं. भरपूर उंचीवर प्रशिक्षकासोबत हे पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण समजून सांगितल्यानं हाताची खोड जात नाही.

वोल्फगांग लांगेविश यांचं ‘स्टिक अँड रडर’ हे पुस्तक १९४४ साली आलं आणि आजही वैमानिक ते शोधून वाचतात. त्याचा गाभा हाच. योक मागेपुढे केल्यानं विमानाच्या शेपटीवरचा जो पडदा हलतो, तो वर-खाली नेणारा पडदा आहे असं मानणं हीच मोठी चूक, असं त्यांचं प्रतिपादन. तो पंखाचा कोन ठरवतो आणि कोनातून वेग ठरतो. चढायचं असेल तर ताकद इंजिनाकडून यावी लागते. मला हे विमानविद्येतलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटतं, कारण पुढचे सगळे धोके त्यातून उलगडतात.

उड्डाण करून चारशे फुटांवर पोचताच इंजिन बंद पडलं, असं समजा. मागे लांबलचक धावपट्टी आहे, पुढे शेतं. वळून मागे जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण नुसतं १८० अंश वळून भागत नाही. वळताना विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला सरकतं, म्हणून आणखी वळून पुन्हा रेषेवर यावं लागतं, आणि या सगळ्या वेळात उंची घटत असते. मग माणूस घाईनं पंख जास्त कलंडवतो आणि योक ओढतो. इथं आकडे पाहावेत. सेस्ना १७२-एस हे शिकवणीतलं परिचित विमान. फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली उतरणाऱ्या झडपा, न लावता सरळ उडताना ते वेगदर्शकावर ४८ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ८९ किलोमीटरला स्टॉल होतं. पंख ६० अंश कलंडवून उंची टिकवायचा प्रयत्न केला तर त्यांच्यावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग १.४१ पटीनं वाढून ६८ नॉटवर जातो. इंजिन बंद असताना जास्तीत जास्त अंतर तरंगत जाण्यासाठी या विमानाच्या पुस्तिकेत दिलेला वेगही ६८ नॉटच आहे. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे बिनचूक वेग ठेवलेला माणूसही त्या एका वळणात स्टॉल होऊ शकतो, आणि चारशे फुटांवर त्यातून सावरायला जागा नसते. म्हणून शिकवतात की नाक लगेच खाली करा, वेग राखा आणि समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जे मोकळं शेत दिसेल तिथं उतरा. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावरही हाच सापळा असतो. वाऱ्यानं धावपट्टीची रेषा ओलांडली गेली की ती पुन्हा गाठायला हात ओढू लागतो. तिथं ते उतरणं सोडून द्यावं आणि पुन्हा फेरी मारावी.

उन्हाळ्याचा धोका महाराष्ट्रात तरी प्रत्येकानं गिरवायला हवा. दख्खनच्या पठारावर समुद्रसपाटीपासून २,००० फुटांवरची एखादी धावपट्टी घ्या. प्रमाण वातावरणाच्या हिशेबानं तिथं ११ अंश सेल्सिअस तापमान धरतात. एप्रिलच्या दुपारी ते ४० असतं. वरच्या प्रत्येक अंशामागे ढोबळमानानं १२० फूट मिळवले, तर विमानाच्या लेखी ती धावपट्टी जवळपास साडेपाच हजार फुटांवर जाते. कळसूबाईचं शिखर साधारण तेवढंच उंच आहे. हवा विरळ, म्हणून इंजिन कमी जोर देतं, पंखा कमी ओढतो, धाव लांबते. धावपट्टीचं टोक जवळ येताना दिसलं की हात लवकर ओढतो. विमान उचललंही जातं, कारण जमिनीलगत, पंखविस्ताराएवढ्या उंचीपर्यंत, हवेचा अडथळा कमी असतो. त्याच्यावर गेलं की ते चढेनासं होतं. उपाय घरी बसून करायचा आहे: पुस्तिकेतला तक्ता उघडून त्या तापमानाला किती धाव लागेल ते काढायचं, माणसं किंवा इंधन कमी करायचं, किंवा भल्या सकाळी निघायचं.

आणि ढग. खासगी वैमानिक बाहेर पाहून उडतो, म्हणून साधारणपणे त्याला ५ किलोमीटर दृश्यता आणि ढगांपासून ठरावीक अंतर राखावं लागतं. क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांगायचं काम कानातल्या द्रवावर येतं, आणि एकाच गतीनं चाललेलं वळण त्या द्रवाला थोड्याच वेळात जाणवेनासं होतं. विमान कलंडून वळत असतं आणि शरीराला वाटतं सरळ चाललोय. उंची घटतेय हे काट्यावर दिसतं, हात ओढतो, त्यानं वळण आणखी आवळतं आणि वेग वाढत जातो. १६ जुलै १९९९ च्या रात्री धूसर हवेत, समुद्रावर, जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा असंच कोसळलं. त्यांच्यासोबत पत्नी आणि मेहुणी होती. अमेरिकी तपास यंत्रणेनं कारण नोंदवलं ते दिशाभ्रमातून सुटलेलं नियंत्रण. उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता त्यांच्याकडे नव्हती. आपल्याकडे सूर्यास्तानंतर बाहेर पाहून करायच्या उड्डाणांवर मुळातच बंधन आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या माथ्यावर बसणारा ढग भर दिवसाही तेच करू शकतो.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात याची परीक्षा झाली. ढगातल्या उड्डाणाची तालीम नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसू न देता, बीचक्राफ्ट बोनान्झा विमान चालवायला लावलं. सोबत अर्थातच प्रशिक्षक होता. विमानाचं नियंत्रण प्रत्येकाच्या हातून गेलं, सरासरी १७८ सेकंदांत. हा आकडा वैमानिकांत प्रसिद्ध आहे. प्रयोगाचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. त्याच लोकांना मग मागे फिरण्याची एक रीत शिकवली. तिची पहिली पायरी होती योकवरून हात काढून घेणं. चाकं खाली सोडायची, इंजिनाची ताकद कमी करायची, ट्रिम, म्हणजे योक न धरताही वेग टिकवणारी जुळणी, लावून विमानाला एका संथ वेगावर स्थिर होऊ द्यायचं आणि फक्त पायानं, रडरच्या म्हणजे शेपटीवरच्या उभ्या पडद्याच्या आधारे, हळूहळू उलट दिशेला वळायचं. तालमीनंतर जवळपास प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला. नीट ट्रिम केलेलं छोटं विमान बऱ्याच अंशी स्वतःचा तोल सांभाळतं, त्याला तशी संधी द्यावी लागते.

अमेरिकेत आज खासगी परवान्यासाठी केवळ उपकरणं पाहून उडण्याचे किमान ३ तास सक्तीचे आहेत. त्यांचा उद्देश ढगात शिरण्याचा परवाना देणं हा नाही, चुकून शिरलेल्याला मागे फिरता यावं एवढाच आहे. परवाना हातात आल्यावर हौशी वैमानिकाचे उड्डाणाचे तास घटत जातात आणि जुनी खोड परत येते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की, नियम मागो वा न मागो, वर्षातून एकदा तरी प्रशिक्षकाला शेजारी बसवावं आणि त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात: वळणातला स्टॉल, उंचीवर इंजिनाची ताकद काढून घेऊन शेत निवडणं, आणि फक्त उपकरणंच दिसू देणारं हूड डोळ्यांवर चढवून अर्धं वर्तुळ. एखाद्या सकाळचा तासभर त्याला पुरतो.