गेरू, तांदूळ आणि घडीचा कागद

वारली चित्राला मुळात कागद लागतच नव्हता. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नघरी कुडाची भिंत शेणागेरूने सारवली जाई. मग टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठात बुडवून, सवाशिणी देवचौक, म्हणजे पूजेचा चौकोन, लिहीत. काढत नव्हे, लिहीत, शब्द त्यांचाच. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदा-कापडावर जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरी वारली चित्राचे शुभेच्छापत्र करायला ए-फोर आकाराचा जाड खाकी कागद आणि पांढरा पोस्टर कलर पुरतो. घडीच्या जागी आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबावी, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर छोटा गोल म्हणजे डोके. हातापायांच्या रेघा जितक्या तिरक्या, तितका नाच जिवंत! भिंतीवर लावायच्या चित्रासाठी पुठ्ठ्यावर गेरूचा हात देऊन मधोमध तारपा हे वाद्य फुंकणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर घ्यावा.

पालघट देवीचा चौक मात्र सजावटीसाठी उचलू नका. तो लग्नातल्या पूजेचा आहे.