पाचोळ्यातली खसखस

जंगलाच्या जमिनीवर किती गोचिडी आहेत हे मोजण्याचे साधन पाहिले, तर ते इतके साधे असते की त्यावर शास्त्रीय अभ्यास उभा आहे यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. सुमारे एक मीटर लांबी-रुंदीचे पांढरे, लवदार फ्लॅनेलचे फडके, त्याच्या एका कडेला शिवलेली काठी आणि त्या काठीला बांधलेली दोरी, एवढेच ते साधन आहे. कीटकतज्ज्ञांच्या पथकातील एक जण ही दोरी धरून पायवाटेच्या कडेने पाचोळ्यावरून फडके संथपणे ओढत नेतो, ठरावीक पावलांनंतर थांबतो, फडके उलटे करून त्याचा इंच न् इंच तपासतो आणि त्यावर चालणारा एखादा तपकिरी ठिपका बारीक टोकाच्या चिमट्याने उचलून कुपीत टाकतो. सकाळचे दव सुकल्याशिवाय हे काम सुरू करता येत नाही, कारण ओल्या फडक्याला गोचीड धरत नाही.

हे फडके गोचिडीला सापडावे यामागे तिची शिकार करण्याची पद्धत आहे. गोचीड उडी मारत नाही, तिला पंख नाहीत आणि झाडावरून ती माणसाच्या डोक्यावर टपकते ही समजूतही बहुतांशी निराधार आहे; ती गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्याच्या कडेवर चढून पुढचे दोन पाय पसरून वाट पाहत राहते. या पुढच्या पायांवर हॅलरचे इंद्रिय या नावाने ओळखली जाणारी सूक्ष्म खाच असते, जिच्या योगे तिला श्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि गंध यांची चाहूल लागते, आणि जवळून जाणाऱ्या कशालाही, मग ते गाईचे पोट असो, माणसाची पोटरी असो वा फ्लॅनेलचे फडके असो, ती पायांच्या नख्यांनी पकडते. तेव्हा फडके ओढणे म्हणजे एका खोट्या जनावराला जंगलातून फिरवून आणणेच होय.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुका आणि त्याला लागून असलेला गोव्यातील सत्तरी तालुका या सह्याद्रीच्या उतारावर अशा पाहणीला विशेष महत्त्व आले ते ‘माकडताप’ या नावाने परिचित झालेल्या रोगामुळे. त्याचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे असून 1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाच्या परिसरात, माकडांच्या आणि पाठोपाठ माणसांच्या मृत्यूंमुळे तो प्रथम लक्षात आला. त्याचा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. त्यानंतर अनेक दशके कर्नाटकापुरता मानला गेलेला हा रोग 2015 साली सत्तरीत आणि 2016 साली दोडामार्गात आढळला.

या रोगाचा मुख्य वाहक असलेल्या हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचे आयुष्य तीन यजमानांवर बेतलेले असते. अंड्यातून निघालेला सहा पायांचा लार्वा एखाद्या लहान सस्तन प्राण्याचे, पक्ष्याचे किंवा माकडाचे रक्त पितो, जमिनीवर गळून पडतो आणि कात टाकून आठ पायांचा निम्फ, म्हणजे अर्धवट वाढलेले पिल्लू होतो. हा निम्फ दुसऱ्या यजमानाचे रक्त पिऊन प्रौढ होतो आणि प्रौढ गोचीड बहुधा गुराढोरांवर पोसते. लार्व्याने बाधित माकडाचे रक्त प्यालेले असल्यास विषाणू कात टाकल्यानंतरही शरीरात टिकून राहतो आणि निम्फच्या चाव्यातून पुढे जातो. वानर आणि लाल तोंडाचे माकड या रोगाने मरतात, तेव्हा थंडावणाऱ्या शरीरावरून उतरलेल्या असंख्य गोचिडी त्या एकाच जागी पसरतात, म्हणूनच मेलेल्या माकडाभोवती सुमारे 50 मीटरच्या परिघात मॅलॅथिऑनची भुकटी धुरळण्याची पद्धत आहे. माणूस मात्र या साखळीचे शेवटचे टोक असतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही.

रानात हौसेने फिरणाऱ्यांची चूक नेमकी कालगणनेत होते. जळवांच्या भीतीने पावसाळ्यात मोज्यांत तंबाखू भरणारा गिर्यारोहक डिसेंबरात कोरडी वाट पाहून निर्धास्त होतो आणि दुपारच्या विसाव्याला पाचोळ्यावर आडवा होतो; वास्तविक निम्फचा बहर साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे भटकंतीच्या ऐन हंगामातच असतो. हाच काळ भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्याचा आणि पुढे काजूची बोंडे वेचण्याचा असल्याने, बागेत तासन्‌तास वाकून काम करणाऱ्या मजुरांना हौशी फिरस्त्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करावा लागतो, आणि त्यांना तो टाळण्याची सवडही नसते.

खसखशीच्या दाण्याएवढा निम्फ फडक्याच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरही चटकन दिसत नाही, मग केसाळ पोटरीवर तर तो धुळीचा कणच वाटतो. त्याचा चावा दुखत नाही, कारण त्याच्या लाळेत वेदना आणि रक्ताचे गोठणे रोखणारे घटक असतात. फिकट रंगाचे कपडे, मोज्यांत खोचलेली विजार, डास-गोचिडींना दूर ठेवणारे मलम आणि परतल्यावर काखा, जांघा, कमरपट्ट्याची जागा व कानामागचा भाग तपासणे हे उपाय पथकातील माणसे स्वतः पाळतात. रुतलेल्या गोचिडीवर रॉकेल टाकणे, चुना लावणे किंवा उदबत्तीचा चटका देणे हे प्रकार मात्र टाळावेत, कारण डिवचलेली गोचीड पोटातील द्रव जखमेत ओकू शकते. चिमट्याने ती त्वचेच्या अगदी लगत धरून, न पिळता, सरळ वर ओढावी आणि नखाने चिरडू नये. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगणे आवश्यक ठरते, कारण या रोगावर विषाणूनाशक औषध नाही, मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास आहे आणि वेळेवर मिळालेल्या शुश्रूषेवरच बरेच अवलंबून असते.

कुपीत ओलावा राहावा म्हणून गवताचे एक हिरवे पाते घातले जाते, बाहेर ठिकाण आणि तारीख लिहिली जाते, आणि प्रयोगशाळेत जाती व अवस्थांनुसार वेगळ्या केलेल्या गोचिडी गटागटाने वाटून त्यांत विषाणूचा अंश शोधला जातो. कोरे निघालेले फडके निर्धोक वाटेचा दाखला नसते, कारण ते वाट पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच उचलते. मृगाच्या सरी पडून पाचोळा कुजू लागला की फडक्यावर खसखस येईनाशी होते. त्या दिवसांत मोठ्या गोचिडी चरून आलेल्या गुरांच्या अंगावर फुगलेल्या सापडतात, आणि त्यांतली मादी गळून पडल्यावर ओल्या मातीत हजारो अंडी घालते.