मोबाइल जेव्हा मोडेम होतो

स्वरूप
मोबाइलची डेटाजोडणी ब्लूटूथमार्गे संगणकाला पुरवणे म्हणजे मोबाइलचा ब्लूटूथ मोडेम म्हणून वापर. माहिती दोन टप्प्यांत जाते: संगणकापासून मोबाइलपर्यंत, साधारण १० मीटरच्या आत, आणि मोबाइलपासून टॉवरपर्यंत. यांपैकी जो टप्पा मंद, त्याचाच वेग एकूण जोडणीला मिळतो.

कार्यपद्धती
जीपीआरएस या जुन्या मोबाइल डेटासेवेच्या काळात संगणक मोबाइलला टेलिफोन मोडेमच समजे. ब्लूटूथवर आभासी सिरियल पोर्ट तयार होई आणि संगणकावरून *९९# हा क्रमांक फिरवला जाई. त्याने कोणाचीही घंटी वाजत नसे. तो केवळ डेटा सुरू करण्याचा संकेत होता. आजचा अँड्रॉइड फोन संगणकाला नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि आयपी पत्ताही तोच देतो. मात्र नुसत्या पेअरिंगने इंटरनेट मिळत नाही. फोनमध्ये 'ब्लूटूथ टेदरिंग' चालू करावे लागते आणि विंडोजमध्ये जोडणीचा प्रकार 'अ‍ॅक्सेस पॉइंट' निवडावा लागतो. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

वेग
२००४ च्या ब्लूटूथ २.० चा प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे २ मेगाबिट. त्या काळच्या एज (EDGE) या मोबाइल डेटासेवेचा कमाल वेग पाव मेगाबिटच्या आसपास. म्हणजे तेव्हा टॉवरकडचा टप्पा अरुंद होता. फोर-जी आल्यावर गणित उलटले आणि ब्लूटूथचाच टप्पा अरुंद ठरला. फोनवर ब्लूटूथ ५ लिहिलेले असले तरी फरक पडत नाही, कारण टेदरिंग जुन्या 'क्लासिक' पद्धतीनेच चालते.

उपयोग
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचा माल परराज्यात जातो. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या अशा मालाला ई-वे बिल हा ऑनलाइन काढायचा वाहतूक-दस्त लागतो. वीज गेली की राउटर बंद पडतो. लॅपटॉप आणि मोबाइल बॅटरीवर चालू राहतात. बिलात भरायचे ते बीजकाचा क्रमांक, एचएसएन कोड, किंमत, गाडीचा नंबर. एवढ्या मजकुराला ब्लूटूथ पुरून उरते, शिवाय वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षा फोनची बॅटरी कमी खर्च होते.

मर्यादा
व्हिडिओ किंवा मोठ्या फाइलींसाठी ही जोडणी कुचकामी. ब्लूटूथप्रमाणे वाय-फायही २.४ गिगाहर्ट्झ पट्टा वापरत असल्याने गर्दीत वेग आणखी घटतो. विंडोजचे अपडेट पार्श्वभूमीवर सुरू झाले, तर दिवसाचा डेटा नकळत संपतो. म्हणून विंडोजमध्ये जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाची, ठेवणे इष्ट. वेग हवा असेल, तर यूएसबी केबल केव्हाही सरस. तिने फोन चार्जही होतो.